थोरल्या भावाची दारू आणि घरावरचं कर्ज : आधी कशाला हात घालायचा?

मणेराजुरी_फाटा :

नमस्कार. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. दीड एकर द्राक्षबाग, थोडं जिरायत. घरात आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मी कुपवाडला एमआयडीसीत आहे, सुट्टीला घरी जातो. घरात लवकरच एक निर्णय व्हायचाय आणि तो एकदा झाला की मागे घेता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दादा चाळिशीला आलाय. बागेतच वाढलेला माणूस. भुरी रोग कुठल्या ओळीत आधी दिसणार हे तो हवा बघून सांगायचा. फळछाटणी आली की भावकीतली माणसं त्याला आपल्या बागेत घेऊन जायची, काडी बघून किती डोळ्यांवर कापायची ते विचारायला.

मग एका साली ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला. दावण्या रोगानं घड गेले, उरलेले कुजले. एकरी तीन लाखांच्या वर खर्च आधीच होऊन बसलेला. पुढच्या हंगामात माल इतका चांगला आला की लोक बघायला यायचे. तो परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला दिला. पहिल्या गाडीचे पैसे रोख, बाकीचे 'आठ दिवसांत देतो'. तो भाड्याची खोली सोडून गेला, फोन बंद. गावातल्या बऱ्याच जणांचे बुडाले. तक्रार झालीय, हातात अजून काही नाही.

गावच्या विकास सोसायटीचं कर्ज थकलं, त्यामुळं नवं पीककर्ज बंद. फवारणीच्या औषध दुकानदारानं उधारी तोडली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. शेवटी शेजारच्या गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी उचलले. वहिनी दुसऱ्याच्या शेडवर बेदाणा निवडायला जाते आणि त्यातून एका फायनान्सचा आठवड्याचा हप्ता भरते.

दादा आधीही घ्यायचा, पण माल निघाल्यावर, जत्रेला. आता सकाळी तोंड धुवायच्या आधी दारूची नाइंटी लागते, नाहीतर हात इतका थरथरतो की चहाची बशी धरवत नाही. औषध दुकानासमोरून जायला नको म्हणून ओढ्याकडच्या वाटेनं वळसा घालून जातो. लग्नाकार्याला जात नाही. वडिलांनी गाडीची किल्ली, एटीएम कार्ड, मोबाईल काढून घेतलाय. बागेचं कामही मजूर लावून ते स्वतः बघतात. हा दिवसभर मारुतीच्या पाराच्या मागल्या अंगाला बसून असतो.

आता मामांचं म्हणणं, रस्त्याकडचं अर्धा एकर विकून सगळं देणं एकदाच मिटवा, डोक्यावरचं ओझं उतरलं की दारू आपोआप सुटेल. वहिनीचं म्हणणं, दारू सुटल्याशिवाय एक गुंठासुद्धा विकायचा नाही. सावकार म्हणतो, तेच अर्धा एकर माझ्या नावावर करून द्या, पैसे फिटले की परत करतो. वडील त्याला जवळजवळ तयार झालेत. इकडं वहिनीनं 'न सांगता दारू सोडवणारी' पावडर जाहिरात बघून मागवलीय, आमटीत कालवून देणार म्हणते.

परवा जेवताना दादा म्हणाला, "मी गेलो तर सरकार लाखभर तरी देईल. तेवढं तरी फिटंल." आई रडायला लागली, वडील ताटावरून उठले. त्यावर पुढं कुणी बोललं नाही.

मला सांगा, कर्जामुळं दारू आहे की दारूमुळं कर्ज? आणि आधी कुठल्या बाजूनं सुरुवात करायची?


ऊसकरी_वाळवा :

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गरिबीमुळं पितात हे मला पटत नाही. आमच्याकडं उसाचं बिल जमा झालं की त्या आठवड्यात धाब्यावर बसायला जागा नसते. ज्याच्याकडं आहे तोही पितो, नाही तोही पितो. आणि गळ्यापर्यंत कर्ज असून थेंबाला शिवत नाहीत अशी माणसंही आमच्या गावात आहेत.

माझे चुलते याच वाटेनं गेले म्हणून पोटतिडकीनं सांगतो. आजोबांनी विहिरीजवळचं रान विकून त्यांचं सगळं देणं फेडलं. दारू सुटली नाही, रान मात्र गेलं. कर्ज फिटल्यावर सुटेल या आशेवर जमीन काढू नका. त्याला पंढरपूरला न्या, माळ घाला. आमच्यातल्या दोघातिघांची माळेनं सुटलीय, आजही वारीला जातात.


उपकेंद्र_सिस्टर :

भाऊ, तुम्ही शेवटी लिहिलंय ते सगळ्यात आधी घ्यायला हवं. दादा जे ताटावर बोलले ते रागातलं बोलणं समजून सोडू नका.

आजच फवारणीची औषधं, तणनाशक, जे काही घरात किंवा बागेतल्या खोलीत असेल ते तिथून हलवा. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या घरी द्या. मनात आलेला विचार पुष्कळदा काही तासांचा असतो, आणि दारू पोटात असली की माणूस स्वतःला आवरू शकत नाही. त्या तासांत हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. मग त्यांना एकटं गाठून सरळ विचारा, "दादा, जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. तुम्हाला सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्यांच्या मनात काही ठरलंय असं जाणवलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दुसरं, सकाळची थरथर. याचा अर्थ शरीराला आता दारूची सवय जडलीय. अशा माणसाला घरात कोंडून एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, अंगावर किडे फिरतायत असं वाटतं, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात गोळ्या देऊन हे दिवस सुरक्षित पार पाडतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण सतत पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेलं नसतं आणि त्यानं मेंदूला इजा होते. वाळव्याच्या भाऊ, माळेला माझा अजिबात विरोध नाही, माझे वडील माळकरी होते. पण थरथरणाऱ्या माणसाला आधी दवाखाना, मग पंढरी.

तिसरं, ती पावडर. कृपा करून वहिनींच्या हातून घेऊन टाकून द्या. आत काय आहे ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाचं औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या होकारानं, तपासण्या करून. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो. काही जण यात दगावतात. दादांना माहीतच नसेल आणि ते पारामागं जाऊन पिऊन बसले तर वहिनींवर काय प्रसंग येईल याचा विचार करा.

मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून सुरुवात होते. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्याला १९८६ पासून 'मुक्तांगण' हे तसंच केंद्र आहे. खाजगी केंद्र बघणार असाल तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का ते आधी विचारा. घरी गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, बांधून ठेवणारी, नातेवाइकांना महिनोन्‌महिने भेटू न देणारी जागा असेल तर दारातूनच परत फिरा.


मणेराजुरी_फाटा :

सिस्टर, मनापासून आभार. औषधं सगळी चुलत्यांकडं नेऊन कुलपात ठेवली. पावडर वहिनीनं स्वतः चुलीत टाकली.

दादाला बागेच्या बांधावर नेऊन विचारलं. बराच वेळ ढेकूळ फोडत बसला. मग म्हणाला, "येतं मनात. रोज न्हाय, पण येतं." दवाखान्यात यायला तयार आहे, मिरजेला घेऊन जातोय. आणखी एक बोलला ते डोक्यातून जात नाही : "सकाळी उठून करायचं काय, ते सांग. बाग बापानं घेतली, गाडी घेतली. पिल्यावर निदान दिवस तरी जातो."

जमिनीचं मात्र अडकलंच आहे. सावकार रोज येऊन ओसरीवर बसतोय.


माजी_सचिव :

मी विकास सोसायटीत सचिव होतो, आयुष्य याच कागदांत गेलं. वडिलांना माझा निरोप द्या : सावकाराला खरेदीखत करून देऊ नका. 'पैसे फिटले की परत करतो' हे तोंडी असतं, दस्तात विक्रीच लिहिलेली असते. या एका कागदापायी तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात किती जमिनी गेल्या ते मी बघितलंय.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. तुमच्याकडून महिना ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के घेतले जातायत. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं लेखी अर्ज द्या. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक आहेत. किती घेतले, किती दिले, कुणासमोर दिले, फोनवरून पाठवले असतील तर त्याच्या नोंदी, सगळं एका वहीत तारखेवार लिहून काढा. सावकारीतून लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती परत देण्याचा आदेश काढायचा अधिकार या कायद्यात आहे. पण त्या वाटेला वर्षं जातात. कागद न करणं हेच बरं. आणि तो ओसरीवर येऊन दमदाटी करत असेल तर तेही अर्जात लिहा.

'कर्ज' म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधू नका. सोसायटीचं, सोन्याचं, औषध दुकानाचं, सावकाराचं आणि वहिनींच्या हप्त्याचं, प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर राज्यात शून्य टक्क्यानं पडतं. ते थकलं की माणूस थेट ६० टक्क्यांवाल्याच्या दारात जाऊन पडतो, मधे पायरीच नाही. म्हणून पैसा हातात आला तर आधी सोसायटीचं बघा : पुनर्गठन, म्हणजे थकलेल्या कर्जाचे नव्यानं हप्ते पाडून मिळतात का, व्याजात सूट देऊन एकरकमी मिटवता येतं का, हे सचिवाला आणि जिल्हा बँकेच्या शाखेत विचारा. ते दार उघडलं तर पुढच्या हंगामाचा खर्च तरी माणसाच्या व्याजानं निघेल.

आणि त्या लाखाबद्दल. दादांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. शेतकरी आत्महत्येनंतर सरकार देतं ते लाख रुपये कुणाच्याही मरणाला मिळत नाहीत. समिती बसते, नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा यांचे कागद तपासते. पंचनाम्यात 'व्यसनी होता' असा शब्द पडला की प्रस्ताव बहुतेकदा अपात्र होतो, आणि गावात कुणीतरी तो बोलतोच. पात्र झालंच तर त्यातले ३० हजार हातात येतात, ७० हजार ठेवीत अडकतात. कर्जानं गांजून दारूला लागलेल्या माणसाच्या बाबतीत सरकारी कागद फक्त दारू बघतो, त्याच्या आधीची चार वर्षं बघत नाही. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. अशा प्रस्तावातल्या विधवांना मी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेलं बघितलंय. दादा जिवंत राहिले आणि सोसायटीचा हप्ता सुरळीत झाला तर बाग एका बऱ्या हंगामात याच्या कितीतरी पट देईल.


कराडचा_प्राध्यापक :

अर्थशास्त्र शिकवतो. 'आधी काय' या प्रश्नावर दादा स्वतःच बांधावर जे बोलले त्यावर लिहावंसं वाटतं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं गिरणीवर जगणारं गाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल हे अभ्यासक तिथं गेले. लोकांकडं वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. पुरुष रस्त्यानं किती वेगानं चालतात हे त्यांनी लपून मोजलं, तर चाल मंदावली होती, मधेच थांबत होते. कित्येकांनी घड्याळ वापरणं सोडलं. बायकांना घर चालवायचं होतं, त्यांची चाल तशी मंदावली नाही. भत्ता काही दिवस मिळत होता, पण 'आज आपलं काय काम आहे' याचं उत्तर पुरुषांकडं उरलं नव्हतं.

वाळव्याच्या भावांचा मुद्दाही यात बसतो. नुसती गरिबी माणसाला दारूकडं ढकलत असती तर महाराष्ट्रातले बहुतेक गरीब पिणारे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे साधारण १४ टक्के निघाले. अमेरिकेत अॅन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कमी शिकलेल्या मध्यमवयीन गोऱ्या लोकांचे मृत्यू वाढत चाललेत : नशेच्या गोळ्या, दारूनं गेलेलं यकृत आणि आत्महत्या. त्याच काळात त्यांच्याहून कमी मिळकतीच्या कृष्णवर्णीयांमधलं मृत्यूचं प्रमाण मात्र उतरत होतं. ज्यांच्या बापाला खाणीत, कारखान्यात पक्कं काम होतं, गावात मान होता आणि आपल्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, असे हे लोक. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अफूपासून बनलेल्या वेदनाशामक गोळ्या मुबलक मिळत होत्या. हातचं गेल्याची खंत आणि हाताशी असलेली नशा, दोन्ही एकाच वेळी भेटल्या.

तुमच्या घरात दादांच्या हातून पैसा गेलाच, पण ज्या कामासाठी भावकी त्यांना बोलवायची तेही वडिलांनी काळजीपोटी काढून घेतलं. एटीएम कार्ड सध्या वडिलांकडं राहू दे, ते योग्यच आहे. छाटणीची कात्री मात्र उपचारानंतर त्यांच्या हातात परत द्या. रोज सकाळी अमुक चार ओळी दादांच्याच, मजुरानं हात लावायचा नाही, असं ठरवा. अर्धा एकर विकायचं की नाही हेही त्यांना बाजूला बसवून ठरवू नका. शुद्धीवर आल्यावर त्यांच्यासमोर ठरवा.


माणदेशी_गलाई :

मास्तरांनी बरोबर लिहिलंय. मी आटपाडीकडचा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात तमिळनाडूत होतो, धंदा बसला, गावी आलो आणि दारूत बुडालो. आज सुटलेली आहे. सविस्तर नको, तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले महिने खरे अवघड. अंग बरं असतं, देणं तसंच असतं आणि आता ते शुद्धीत बघायचं असतं. त्या वेळी मला ए. ए. च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगनं धरून ठेवलं. तिथं सगळे आपल्यातलेच, कुणी हिशोब मागत नाही, उपदेश करत नाही. सांगली-मिरजेला मीटिंगा होतात, दवाखान्यात विचारा, पत्ता देतील. जायला भाडं लागतं, तेवढं घरातनं द्या. "मीटिंगला म्हणून जातो आणि पितो" असा संशय पहिल्याच दिवशी घेऊ नका.

आणि तो ओढ्याकडचा वळसा. ते वाचून पोटात कालवलं. दवाखान्यातनं आल्यावर दादाला घेऊन औषध दुकानात जा. तुम्ही बरोबर पाहिजेच. थोडेफार पैसे काउंटरवर ठेवायचे आणि दादानं स्वतः म्हणायचं, बाकीचे हंगामावर देतो. माझ्या दुकानदारानं मला चहा पाजला होता. सगळे पाजतील असं नाही, एखादा बोलेलही. पण त्या दिवसानंतर मी पेठेतनं सरळ चालत गेलो. देणं होतं तेवढंच होतं.

मधे एखाद्या वेळी घसरला तर "सगळं पाण्यात गेलं" म्हणून हाकलू नका. दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरकडं न्या. मीही घसरलो होतो.


शेडवरची_ताई :

सगळं वाचलं. सगळे दादांबद्दल लिहितायत ते बरोबरच आहे, पण वहिनी दिवसभर बेदाणा निवडून हप्ता भरतेय, पोरांचं बघतेय, आणि पावडर मागवण्यापर्यंत तिची मजल गेली, म्हणजे ती किती टेकीला आली असेल. माझ्या शेजारच्या पाटावर अशा चारजणी तरी बसतात. २०२५ साली दारूवरचा कर वाढल्यावर देशीची १८० मिलीची बाटली कमीत कमी ८० रुपयांची झाली. म्हणजे रोजची एक धरली तरी महिन्याचे २४०० होतात, आणि ते नवऱ्याच्या खिशातनं कमी, बाईच्या हजेरीतनं जास्त जातात.

आमच्या गावात बायकांनी दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान मागितलं होतं (आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या एकूण बाई-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात. नुसत्या मत द्यायला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. जी बाई त्या दिवशी कामावर गेली तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं धरल्यासारखं होतं. मतदान हंगामात लागलं, निम्म्या बायका शेडवर आणि छाटणीला. थोडक्या मतांनी राहिलं. पुन्हा मागणार आहोत, आणि या वेळी शेडमालकांकडनं अर्ध्या दिवसाची सुट्टी आधीच लिहून घेणार आहोत. तुमच्या गावात कुणी मनावर घेतलं तर हे आधी बघा.

वहिनींसाठी एवढं करा. मिरजेला दादांबरोबर त्यांनाही आत बसवा, डॉक्टरांना त्यांच्याकडनं कळू दे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, ए. ए. वाल्यांना विचारलं की कळतं. आणि सचिव दादांनी सांगितलेल्या वहीत वहिनींच्या फायनान्सचंही एक पान असू दे : मुद्दल किती, उरलं किती, हप्ता कुठल्या वारी. आमच्या शेडवर तर हप्त्याच्या वारी बायका डबासुद्धा आणत नाहीत, ते पैसे धरून. घरात कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. तुम्ही मिरजेहून आलात की त्यांच्याजवळ बसून विचारा.